ब्राउझर, देवनागरी आणि भैरवगढ़चे पान : एक प्रस्तावना

वेब-विकास म्हणजे संकेतस्थळे घडवण्याची विद्या आणि ब्राउझर म्हणजे ती वाचकाला दाखवणारा प्रोग्रॅम, एवढी ओळख बहुतेकांना असते; परंतु गेल्या दीड-दोन दशकांत ब्राउझरचे स्वरूप इतके पालटले आहे की त्याला केवळ पाने दाखवणारे साधन म्हणणे अपुरे ठरते. आजचा ब्राउझर मजकुराची मांडणी करतो, पडद्याच्या मापानुसार चित्र निवडतो, अक्षरे मोजतो, तारखा आणि आकडे वाचकाच्या भाषेत लिहितो, नेटवर्क नसताना साठवलेले पान पुढे करतो आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांना पानाची रचना समजावून देतो. अशा सर्व अंगभूत सोयींच्या समुच्चयाला तंत्रज्ञ ‘वेब प्लॅटफॉर्म’ म्हणतात, आणि त्या सोयींची मराठी वाचकाच्या व मराठी मजकुराच्या दृष्टीने ओळख करून देणे हा या विवेचनाचा हेतू आहे. त्यामागील प्रतिपादन थोडक्यात असे की, पानात काय आहे आणि ते कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला खरेपणाने सांगितले, तर पूर्वी शेकडो ओळींचा जादा कोड लिहून करावे लागणारे काम तो स्वतः करतो. ते सांगितले नाही, तर मराठी पान इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या साच्यात पडते आणि त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते.

या प्रतिपादनाची पारख करण्यासाठी उज्जैनजवळचे भैरवगढ़ हे स्थळ उदाहरण म्हणून घेतले आहे आणि त्याला कारणे आहेत. क्षिप्रेच्या काठी, शहराच्या उत्तर अंगाला वसलेल्या या वस्तीत काळभैरवाचे मंदिर आहे, सिद्धवटाचे तीर्थ आहे, आणि मेणाच्या साहाय्याने कापड रंगवणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. उज्जैनच्या बाटिक छापाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ही छापाई मुख्यत्वे भैरवगढ़च्या नावानेच ओळखली जाते. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्यापासून माळव्यात शिंद्यांची सत्ता स्थिरावली; १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन हेच त्या सत्तेचे केंद्र होते, आणि काळभैरवाच्या आजच्या मंदिराच्या बांधणीवर मराठा शैलीची छाया दिसते. उज्जैन, इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे घरात मराठी आणि बाजारात हिंदी किंवा माळवी बोलतात. त्यामुळे भैरवगढ़विषयीचे कोणतेही गंभीर संकेतस्थळ द्वैभाषिक असणे स्वाभाविक आहे. दोन्ही भाषांची लिपी एकच, पण अक्षरांची वळणे, अंकांचा प्रघात, महिन्यांची गणना आणि शब्दलेखन वेगळे. ब्राउझरच्या भाषाविषयक सोयींची कसोटी लागावी अशी ही परिस्थिती आहे. पुढील विवेचनात असे एक द्वैभाषिक पान कल्पिले आहे, ज्यात मंदिराची माहिती, यात्रेकरूंसाठी सूचना आणि छापील कापडाची चित्रे आहेत.

विषयात शिरण्यापूर्वी वेब प्लॅटफॉर्मची जडणघडण थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि पानाची रचना सांगणारी एचटीएमएल ही खुणांची भाषा त्यातून पुढे आली. पान दिसावे कसे हे सांगणारी सीएसएस ही शैलीची भाषा हॉकॉन व्हियम ली यांनी १९९४ मध्ये सुचवली, तर पानाला हालचाल आणि प्रतिसाद देणारी जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये घडवली. रचना, शैली आणि वर्तन ही तिहेरी विभागणी आजही कायम आहे. एचटीएमएलचे प्रमाण ठरवण्याचे काम दीर्घकाळ दोन संस्थांत विभागलेले होते. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी आणि व्हॉटडब्ल्यूजी यांच्यात करार होऊन सतत अद्ययावत होणारे एकच प्रमाण मान्य झाले. ब्राउझरांची नावे अनेक असली तरी पान प्रत्यक्ष रेखाटणारी मुख्य यंत्रणा ब्लिंक, वेबकिट आणि गेको या तीनच आहेत, आणि एखादी सोय या तिन्हींत सारखी चालू लागली की ती खऱ्या अर्थाने प्लॅटफॉर्मचा भाग होते.

या इतिहासाची मराठी बाजू वेगळी आहे. देवनागरीसाठी इस्की ही भारतीय संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि निरनिराळ्या लिप्यांतील वर्णांना संकेतांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या देवनागरी विभागाची मांडणीही इस्कीच्याच धर्तीवर झाली. तरीही वेबवरील मराठी मजकूर प्रारंभीची अनेक वर्षे निरनिराळ्या खासगी फॉन्टांच्या संकेतांत लिहिला जाई. फॉन्ट बदलला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसे. त्या काळातील पाने शोधयंत्रांना सापडत नसत, दुसरीकडे उतरवून घेता येत नसत आणि वाचून दाखवणाऱ्या साधनांना कळत नसत. युनिकोडचा स्वीकार झाल्यावर मराठी मजकूर प्रथमच ‘मजकूर’ म्हणून वेबवर आला. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तोही याच पायावर. मात्र युनिकोड आला म्हणजे सगळे प्रश्न मिटले, ही समजूत अपुरी आहे.

हे दाखवण्यासाठी भैरवगढ़ हे नावच पुरेसे आहे. त्यातील शेवटचे अक्षर, म्हणजे खाली नुक्ता असलेला ढ, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक, त्या अक्षरासाठी राखलेल्या स्वतंत्र संकेतांकाने, दुसरा, साधा ढ आणि त्यापुढे नुक्त्याचे वेगळे चिन्ह अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी पहिल्या पद्धतीने लिहिलेल्या नावात सहा संकेत असतात आणि दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या नावात सात. परिणामी एका पद्धतीने साठवलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडत नाही. यावरचा उपाय ब्राउझरमध्येच आहे. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीत मजकुराचे सामान्यीकरण करणारी ‘नॉर्मलाइझ’ ही क्रिया आली, जी समान अर्थाच्या संकेतरचना एका ठरावीक रूपात आणते. नुक्तायुक्त ढ बाबत युनिकोडचा नियम असा की सामान्यीकरणानंतर तो नेहमी सुट्या जोडीच्या रूपातच राहतो. मराठीत लागणारा ऱ मात्र जोडीने लिहिला असला तरी एकसंध संकेतांकात येतो. मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा हे सामान्यीकरण केले, तर नावाची ही दोन रूपे जुळतात. तरीही नुक्ता गाळून लिहिलेले नाव, मराठी वळणाने ‘गड’ असे लिहिलेले नाव आणि बोलीतले ‘भेरूगढ’ ही रूपे उरतातच. ती एकमेकांशी जोडण्याचे काम कोणतेही प्रमाण करू शकत नाही, ते पान लिहिणाऱ्यानेच पर्यायी नावांची सूची देऊन करावे लागते. यंत्राचे काम कोठे संपते आणि लेखकाची जबाबदारी कोठे सुरू होते, ते येथे स्पष्ट दिसते.

अक्षरे मोजण्याचा प्रश्नही याच जातीचा आहे. जावास्क्रिप्ट मजकुराची लांबी सोळा बिटांच्या संकेतघटकांत मोजते, त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दाची लांबी ती अकरा सांगते, कारण प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक मात्रा वेगळी मोजली जाते. वाचकाच्या लेखी मात्र त्यात ज्ञा, ने, श्व आणि री अशी चारच अक्षरे आहेत. शीर्षक ठरावीक लांबीवर तोडणे, कर्सर एकेक अक्षर मागे नेणे, नावाचे आद्याक्षर काढणे अशा प्रत्येक ठिकाणी ही तफावत उघडी पडते आणि जोडाक्षर मध्येच फुटून हलन्त लटकत राहतो. ‘इंटल सेगमेंटर’ ही सोय मजकुराचे वाचकाला जाणवणाऱ्या अक्षरांत, शब्दांत किंवा वाक्यांत विभाजन करते. २०२४ पासून ती तिन्ही यंत्रणांत उपलब्ध आहे. तिच्यामागचे युनिकोडचे नियमही सुधारत गेले आहेत. जुन्या नियमांनुसार हलन्तानंतर अक्षर संपत असे आणि वरील शब्दाचे सहा तुकडे पडत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम घातला आणि उत्तर चारवर आले. शिंदेकालीन कागदपत्रांच्या मोडी लिपीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले, पण ते मूळ पटलाबाहेरच्या विस्तारित भागात असल्यामुळे जावास्क्रिप्टच्या मोजणीत मोडीचा एकेक वर्ण दोन घटकांचा ठरतो. मोडी मजकुरावर काम करू पाहणाऱ्याने साध्या लांबीवर भिस्त ठेवली, तर एक वर्णच मधोमध कापला जाण्याची शक्यता असते.

मजकुरातील आकृतिबंध शोधण्याच्या सूत्रांबाबतही अशीच दक्षता हवी. जावास्क्रिप्टमधील ‘अंक’ दाखवणारी प्रचलित खूण केवळ इंग्रजी अंक ओळखते आणि ‘शब्दवर्ण’ दाखवणारी खूण देवनागरी अक्षरांना शब्दाचा भागच मानत नाही. २०१८ पासून युनिकोडच्या गुणधर्मांवर आधारलेल्या खुणा उपलब्ध आहेत, ज्यांद्वारे ‘कोणत्याही लिपीतील अंक’ किंवा ‘देवनागरी लिपीतील वर्ण’ अशी अट घालता येते. नाव नोंदवण्याचे रकाने मराठी नावे नाकारतात याचे कारण बहुधा लिपीच्या अडचणीत नसून जुन्या खुणा तशाच वापरत राहण्यात असते.

यापुढचा आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विषय भाषानिर्देशाचा आहे. एचटीएमएलमध्ये पानाच्या किंवा परिच्छेदाच्या मूळ खुणेवर ‘लँग’ हा गुणधर्म लिहून भाषा सांगता येते. मराठीसाठी ‘एमआर’ आणि हिंदीसाठी ‘एचआय’ ही संक्षिप्त रूपे आहेत. दोन अक्षरांच्या या निर्देशावर किती गोष्टी अवलंबून असतात हे सहसा लक्षात घेतले जात नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणे मराठीची म्हणून स्वीकारली. हिंदी छपाईत मात्र दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श रूढ आहेत. युनिकोडमध्ये या दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे, कारण वर्ण एकच आहे आणि वळण हा फॉन्टचा विषय आहे. ज्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, त्यांत ‘स्थानिक रूपे’ नावाची तजवीज केलेली असते, आणि भाषा मराठी असल्याचे कळताच ब्राउझर मराठी वळण आपोआप निवडतो. भैरवगढ़च्या पानावर मराठी परिच्छेद आणि हिंदी परिच्छेद शेजारी असतील, तर भाषानिर्देश केल्यावर एकाच फॉन्टमधून दोन्ही भाषांचे वळण योग्य उमटते. निर्देश नसेल, तर मराठी मजकूर हिंदी वळणात छापला जातो आणि वाचकाला काहीतरी परके असल्याचे जाणवत राहते.

भाषानिर्देशाचा दुसरा उपयोग ऐकणाऱ्या वाचकासाठी आहे. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात, आणि कोणत्या भाषेचा आवाज व उच्चारनियम लावायचे हे ते सॉफ्टवेअर पानावरील भाषानिर्देशावरून ठरवते. मराठीतील च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार किंवा शब्दान्तीच्या अकाराचे नियम हिंदीच्या आवाजात नीट उतरत नाहीत. वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत संपूर्ण पानाची भाषा आणि पानातील वेगळ्या भाषेच्या भागाची भाषा सांगणे या दोन स्वतंत्र अटी आहेत. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहितीच्या सुगम्यतेला कायद्याचे बळ दिले. तेव्हा भाषानिर्देश हा केवळ टंकसौंदर्याचा विषय नाही, तो वाचकाच्या हक्काचा विषय आहे.

र आणि य यांच्या जोडाक्षराचा प्रश्न मराठीचा खास आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा अर्धा र. युनिकोडनुसार हा अर्धा र ऱ या वर्णाला हलन्त जोडून लिहिणे योग्य आहे, तरी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा रचनेनेही तो उमटवला जातो. मजकूर साफ करणारे काही प्रोग्रॅम अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. तसे झाले की दऱ्यांचा दर्या होतो आणि अर्थच पालटतो. मराठी मजकूर हाताळणाऱ्याने अशा साफसफाईपूर्वी या चिन्हाचे कार्य ओळखले पाहिजे.

फॉन्ट पानासोबत पाठवण्याची सोय जुनी आहे, पण ती परवडणारी झाली ती नव्या स्वरूपांमुळे. फॉन्टचे संक्षिप्त रूप असलेले वॉफ २ हे स्वरूप २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झाले. देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो जोडाक्षरांची रूपे आणि ती जुळवण्याचे नियम असल्यामुळे तो रोमन फॉन्टपेक्षा साहजिकच जड असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट आज कोणालाही वापरता येतात, आणि सीएसएसमधील ‘युनिकोड-रेंज’ या सूचनेमुळे पानात देवनागरी मजकूर असेल तेव्हाच फॉन्टची ती फाइल उतरवली जाते. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या सूचनेने फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टात मजकूर दाखवता येतो, आणि ‘साइझ-अ‍ॅडजस्ट’ने त्या तात्पुरत्या फॉन्टचे माप जुळवून घेतले की फॉन्ट बदलताना ओळी उड्या मारत नाहीत. रोमन लिपीसाठी रूढ झालेल्या काही सवयी मात्र देवनागरीत टाळाव्या लागतात. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर कमी ठेवले की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात किंवा चौकटीत छाटले जातात. आणि ज्या फॉन्टला तिरपे रूप नाही, त्याला ब्राउझर जबरदस्तीने तिरपे करतो, जे ‘फॉन्ट-सिंथेसिस’ ही सूचना बंद करून थांबवता येते.

अंक आणि तारखा यांबाबत ब्राउझरची ‘इंटल’ ही सोय विशेष उपयुक्त आहे. निरनिराळ्या भाषांचे संकेत एकत्र करणाऱ्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात मराठीसाठी देवनागरी अंक हेच मूळ अंक मानले आहेत, तर हिंदीसाठी इंग्रजी अंक. त्यामुळे साडेबारा लाखांची रक्कम मराठी पानावर १२,५०,००० अशी देवनागरी अंकांत आणि भारतीय गटवारीत उमटते, तर तीच हिंदी पानावर इंग्रजी अंकांत. उलट दिशेला मात्र सावधपणा हवा, कारण देवनागरी अंकांत टंकलेली रक्कम जावास्क्रिप्टला संख्या म्हणून वाचता येत नाही. कापडाची मागणी नोंदवणाऱ्या रकान्यात ग्राहकाने ‘१२’ असे लिहिले, तर ते आधी बदलून घ्यावे लागते. तारखांच्या बाबतीत भारताची राष्ट्रीय सौर दिनदर्शिका, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली शक गणना, ब्राउझरला ज्ञात आहे. पण ती पंचांगाची तिथी सांगत नाही. हा फरक भैरवगढ़ला फार महत्त्वाचा आहे. काळभैरवाची जन्माष्टमी मराठी पंचांगानुसार कार्तिक वद्य अष्टमीला येते, कारण महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उज्जैनच्या हिंदी पंचांगात तोच दिवस मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी ठरतो, कारण तेथे महिना पौर्णिमेला संपतो. दिवस एक आणि महिन्याची नावे दोन. मराठी पानाचे शब्दशः हिंदीकरण केले किंवा हिंदीचे मराठीकरण केले, तर यात्रेकरू एका महिन्याने चुकेल. येथे ब्राउझर मदत करू शकत नाही. पंचांगातून घेतलेली तिथी प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र लिहून तिच्या जोडीला इंग्रजी तारीख देणे हाच विश्वसनीय मार्ग आहे.

चित्रे आणि मांडणी यांच्या बाबतीत वेब प्लॅटफॉर्मने केलेली प्रगती कारागिरांच्या कामाला थेट उपकारक आहे. बाटिकमध्ये वितळवलेले मेण कापडावर लावून ते भाग रंगापासून राखले जातात, फिकट रंगाकडून गडद रंगाकडे असे एकामागून एक रंग चढवले जातात आणि शेवटी गरम पाण्यात मेण काढले जाते. मेणाला पडलेल्या बारीक भेगांतून रंग झिरपून जी शिरांसारखी रेषा उमटते, ती या कलेची ओळख मानली जाते. ती रेषा पुसट झाली, तर हाताने रंगवलेले कापड आणि यंत्रावर छापलेली नक्कल यांतला फरक पडद्यावर दिसेनासा होतो. म्हणून चित्र स्पष्ट हवे, पण स्वस्त फोनवर मोजका डेटा वापरणाऱ्या वाचकावर त्याचा भार पडू नये. ‘सोर्ससेट’ या गुणधर्माने एकाच चित्राच्या अनेक मापांची यादी देता येते आणि ब्राउझर पडद्याला साजेसे माप निवडतो; ‘पिक्चर’ या खुणेने एव्हीआयएफसारखे कमी जागेत अधिक तपशील राखणारे स्वरूप आधी देऊन, ते न समजणाऱ्या ब्राउझरसाठी जुने स्वरूप मागे ठेवता येते; ‘लोडिंग’ या गुणधर्माने पडद्याच्या खाली असलेली चित्रे वाचक तेथे पोहोचू लागेपर्यंत थांबवता येतात. चित्राची रुंदी व उंची आधीच लिहिली, तर चित्र येताना मजकूर खाली ढकलला जात नाही. यांतल्या कोणत्याही गोष्टीला एक ओळही जावास्क्रिप्ट लागत नाही.

मांडणीचा इतिहासही असाच आहे. आडव्या-उभ्या रकान्यांची ‘ग्रिड’ मांडणी मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत जवळजवळ एकाच वेळी आली आणि त्यापूर्वीच्या अनेक क्लृप्त्या अनावश्यक झाल्या. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या प्रतिसादी रचनेत पान पडद्याच्या रुंदीनुसार बदलत असे. २०२३ पासून सर्वत्र उपलब्ध झालेल्या ‘कंटेनर क्वेरी’ या सोयीमुळे प्रत्येक भाग आपल्याला मिळालेल्या जागेनुसार बदलू शकतो, ज्यामुळे कापडाची एकच चौकट मुखपृष्ठावर मोठी आणि बाजूच्या पट्टीत लहान अशी आपोआप बसते. मराठी आणि हिंदी शीर्षकांची लांबी वेगळी असल्यामुळे ठरावीक मापाच्या चौकटींपेक्षा अशी लवचीक मांडणी द्वैभाषिक पानाला अधिक मानवते.

यात्रेचा प्रसंग आला की नेटवर्कचा प्रश्न पुढे येतो. उज्जैनचा सिंहस्थ २०१६ मध्ये झाला आणि पुढचा २०२८ मध्ये आहे. लाखो माणसे एका नदीकाठी जमतात तेव्हा मोबाइलची यंत्रणा ताणली जाते. अशा वेळी ‘सर्विस वर्कर’ ही सोय मोलाची ठरते. सर्विस वर्कर म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये उभा राहणारा एक छोटा प्रोग्रॅम, जो प्रत्येक मागणी पाहतो आणि ती नेटवर्ककडे पाठवायची की फोनमध्ये साठवलेल्या प्रतीतून भागवायची हे ठरवतो. तो २०१८ पासून प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे आणि सुरक्षित जोडणीवरच चालतो. घाटांची माहिती, रस्त्यांचा नकाशा आणि मदतकेंद्रांचे दूरध्वनी एकदा साठवले, की ते नेटवर्क नसतानाही दिसतात. मात्र साठवलेली माहिती शिळी होऊ शकते, म्हणून दर्शनाच्या वेळा किंवा वाहतुकीतील बदल दाखवताना ती माहिती केव्हाची आहे हे पानावर ठळक लिहिणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. गर्दीत चुकीची सूचना ही सूचना नसण्यापेक्षा घातक असते.

इतक्या सोयींपैकी कोणती केव्हा वापरावी, हा प्रश्न नवागताला गोंधळात टाकतो. त्यासाठी दोन आधार आहेत. पहिला ‘बेसलाइन’ या निर्देशकाचा, जो २०२३ मध्ये पुढे आला: एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचली की ती ‘नव्याने उपलब्ध’ ठरते आणि त्यानंतर तीस महिने लोटले की ‘व्यापक प्रमाणात उपलब्ध’ मानली जाते. दुसरा आधार स्टीव्हन शँपियन यांनी २००३ मध्ये नाव दिलेल्या क्रमवर्धनाच्या तत्त्वाचा. त्याचा आशय असा की मजकूर आणि दुवे साध्या एचटीएमएलमध्ये आधी पूर्ण असावेत, त्यावर शैली यावी, आणि त्यावर वर्तन. म्हणजे वरचा थर न पोहोचल्यास खालचा थर वाचकाला पुरेसा असतो. सीएसएसमधील ‘सपोर्ट्स’ या अटीने ब्राउझरला एखादी सोय कळते का हे पाहूनच ती लागू करता येते. जुन्या फोनवरच्या वाचकाला वगळून मिळवलेली आधुनिकता ही आधुनिकता नव्हे.

यावरून एक व्यापक निष्कर्ष निघतो. पूर्वी मोठ्या जावास्क्रिप्ट संग्रहांतून आणल्या जाणाऱ्या गोष्टी, जसे संवादचौकटी, उघडझाप होणारे परिच्छेद, तरंगते फलक, तारखांची मांडणी, आता ब्राउझरच देतो. आणि ब्राउझरने दिलेली गोष्ट वाचकाला पुन्हा उतरवावी लागत नाही, कळफलकाने चालते आणि वाचून दाखवणाऱ्या साधनांना समजते. म्हणून बाहेरचा कोड पानात आणण्यापूर्वी तेच काम प्लॅटफॉर्म करतो का, हे तपासण्याची सवय हा आधुनिक वेब-विकासाचा पहिला धडा मानला पाहिजे. मराठी पानाच्या बाबतीत या सवयीला दुहेरी महत्त्व आहे, कारण बाहेरचे बरेच संग्रह रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात, तर युनिकोड, इंटल आणि भाषानिर्देश यांत भारतीय भाषांचा विचार आधीच गुंफलेला आहे.

तो विचार मात्र आपोआप गुंफला जात नाही. जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीनंतर तब्बल बत्तीस वर्षांनी आला, यावरून मराठीभाषक विकासकांनी काय शिकायचे ते उघड आहे. ब्राउझर आणि प्रमाणसंस्था खुल्या पद्धतीने चालतात. दोष नोंदवणे, नेमका नमुना देणे आणि सर्व ब्राउझरांना लागू होणाऱ्या सामायिक चाचण्यांच्या संग्रहात देवनागरीच्या चाचण्या घालणे ही कामे कोणालाही करता येतात, आणि भारतीय लिप्यांच्या मांडणीवर डब्ल्यूथ्रीसीमध्ये स्वतंत्र गटाने कामही केले आहे. दऱ्यांचा दर्या होणे, शिरोरेषा तुटणे, मराठी ल ला हिंदी वळण येणे, या गोष्टी वाचकाने निमूटपणे सोसण्याच्या नाहीत. त्या नेमक्या शब्दांत नोंदवण्याच्या आणि दुरुस्त करून घेण्याच्या आहेत. या विषयाचा अभ्यास करणाऱ्या मराठी विकासकाने ब्राउझरच्या सोयी वापरण्याइतकेच त्या सोयींत आपल्या भाषेची भर घालणे हे आपले काम मानावे, कारण माळव्यातल्या मराठी कुटुंबापासून परदेशातल्या मराठी विद्यार्थ्यापर्यंत सर्वांची भाषा आता याच प्लॅटफॉर्मवरून वाचली जाणार आहे.